डिस्चार्ज मिळाला, पण ओझे कुठे गेले?



गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारी विहारात वंदना झाली, ग्रंथवाचन झाले आणि उठता उठता एका ताईंनी सांगितले, "आमच्या आत्याला काल डिस्चार्ज मिळाला." सगळ्यांना हायसे वाटले. आत्याबाई नऊ दिवस दवाखान्यात होत्या. साखर वाढली होती, पायाची जखम चिघळली होती. संध्याकाळी आम्ही चार-पाच जण सफरचंदे आणि बिस्किटांचे पुडे घेऊन त्यांना भेटून आलो. चहा घेतला, "आता काळजी घ्या" म्हणालो आणि घरी परतलो.

सहाव्या दिवशी पहाटे आत्याबाई घामाने चिंब भिजल्या. हातपाय थरथरू लागले, बोलणे बरळल्यासारखे झाले. पुन्हा रिक्षा, पुन्हा दवाखाना. साखर एकदम खाली गेली होती. दवाखान्याने साखरेची गोळी बदलून दिली होती आणि जुनी बंद करायला सांगितली होती. पण ते लिहिले होते इंग्रजीत, तीन पानी कागदाच्या शेवटच्या पानावर. तो कागद एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात घडी घालून कपाटावर ठेवलेला. घरात जुनी गोळीही चालू आणि नवीही चालू. दोन्ही पाकिटांवरची नावे वेगळी, म्हणून कोणाला शंका आली नाही. नव्या गोळीत जुन्या गोळीतले औषध आधीच होते.

आत्याबाई वाचल्या, आज हिंडत्या-फिरत्या आहेत. दवाखान्याचे नाव आम्ही घेत नाही, कारण ही एका दवाखान्याची गोष्ट नाही. आणि चूक एकट्या दवाखान्याचीही नाही. आम्ही भेटायला गेलो होतो. आमच्यात एक निवृत्त परिचारिका होत्या, मेडिकलच्या दुकानात काम करणारा एक तरुण होता. सफरचंदे दिली, पण "कागद दाखवा" असे आमच्यापैकी एकानेही म्हटले नाही. त्या दिवसापासून 'डिस्चार्ज' हा शब्द आमच्या डोक्यातून गेलेला नाही. म्हणून या अंकातले आरोग्य पान त्या एका शब्दासाठी.

गाडीवरून उतरलेला शब्द

इंग्रजीतील 'डिस्चार्ज' या क्रियापदाचा मूळ अर्थ ओझे उतरवणे. लॅटिनमध्ये गाडीला 'कारुस' म्हणत. त्यावरून गाडीत माल भरणे आणि गाडीतला माल उतरवणे असे दोन शब्द निघाले. भरणे म्हणजे 'चार्ज', उतरवणे म्हणजे 'डिस्चार्ज'. 'कार' आणि 'कार्गो' हे शब्दही त्याच घरचे. बंदरात जहाजातून माल उतरवतात त्याला आजही डिस्चार्जच म्हणतात.

पुढे या शब्दाने बरीच घरे केली. बंदुकीतून गोळी सुटली की डिस्चार्ज. बॅटरी उतरली की डिस्चार्ज. कर्ज फिटले, आरोपातून नाव वगळले, तरी डिस्चार्ज. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत ज्यांनी पलटणीत नोकरी केली, त्यांना हा शब्द दवाखान्याच्या आधी पलटणीत भेटला. नोकरी संपली की शिपायाला डिस्चार्जचा कागद मिळे. काही घरांत तो कागद अजून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला असतो. दवाखान्याचा डिस्चार्ज कागद मात्र महिनाभरात रद्दीत जातो.

आपल्या बोलीत दवाखान्याच्या डिस्चार्जला दोन जुने शब्द आहेत. एक 'सुट्टी'. विदर्भात आजही विचारतात, "दवाखान्यातून सुट्टी झाली का?" दुसरा 'सोडणे'. "आईला आज सोडलं." दोन्ही शब्दांत सुटकेचा आनंद आहे, पण सोडणारा कोणी दुसरा आहे. साहेब सोडेल तेव्हा जायचे आणि जाताना काही विचारायचे नाही. इंग्रजी शब्द निदान खरे बोलतो, ओझे उतरवले असे सांगतो. मग विचारायला हवे की हे ओझे कोणाच्या डोक्यावरून उतरले आणि कोणाच्या डोक्यावर गेले?

हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून दुसऱ्याचे ओझे वाहणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगावे लागत नाही. गावाला नको असलेले सारे काही आपल्या वाड्यावर उतरवले जात होते. मेलेली ढोरे ओढणे, मयताचा सांगावा नेणे, लाकडे फोडणे, वेशीबाहेरची घाण काढणे ही सारी कामे गावाची होती आणि डोके आपले होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक आणले ते हे ओझे खाली ठेवण्यासाठीच. म्हणून कोणी "डिस्चार्ज झाला" म्हणाले की आपण तरी एवढ्यावर समाधान मानू नये.

घरी आलेले ओझे

दवाखान्यात असताना रुग्णाकडे बघायला तीन पाळ्यांत परिचारिका असतात. गोळी वेळेवर देतात, मलमपट्टी करतात, ताप मोजतात, लघवी किती झाली ते लिहून ठेवतात. डिस्चार्ज होतो त्या संध्याकाळपासून ही सारी कामे घरात येतात. ती करणार कोण? नव्वद टक्के वेळा घरातली बाई, असे आम्ही आकडेवारीवरून नव्हे, वस्तीत डोळ्यांनी बघून म्हणतो. सून, मुलगी, बायको. तीच धुणीभांडी करून चार घरची कामे करणारी, तीच सहाची लोकल पकडणारी. तिला कोणी विचारत नाही की तुला जमेल का. जखमेची पट्टी कशी बदलायची हे तिला कोणी दाखवत नाही. दाखवले तर तिच्या नवऱ्याला दाखवतात, कारण बिलाच्या खिडकीपाशी तो उभा असतो.

खाट रिकामी करणे हा दवाखान्याचा नाइलाज असतो, हे आम्हाला मान्य आहे. सरकारी दवाखान्यात एकेका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात ते आमच्या ताईंनी नोकरीत भोगले आहे. रुग्णाला विनाकारण दवाखान्यात ठेवणेही चांगले नाही, तिथे दुसरे संसर्ग होतात. डिस्चार्ज लवकर द्यायला आमची हरकत नाही. पण ओझे घरी पाठवायचे असेल तर ते कसे उचलायचे हेही सांगून पाठवा, एवढे मागणे आहे. ही मेहेरबानी नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

कागद हातात घ्या

डिस्चार्जच्या दिवशी घरात गडबड असते. सकाळी अकराला सोडणार म्हणून सांगतात, कागद मिळेपर्यंत पाच वाजतात. एक जण बिलाच्या रांगेत, दुसरा मेडिकलमध्ये, तिसरी पिशवी भरते आहे. परिचारिका घाईत दोन वाक्ये सांगते आणि सगळे मान हलवतात. कळले नाही असे म्हणायची लाज वाटते. बाबासाहेबांच्या लेकरांनी ही लाज आता टाकली पाहिजे. शिकणे म्हणजे नुसती पदवी घेणे नव्हे. जे कळले नाही ते कळेपर्यंत विचारणे हेही शिकणेच.

त्या कागदाला डिस्चार्ज समरी किंवा डिस्चार्ज कार्ड म्हणतात. त्यात एवढे असलेच पाहिजे: आजार काय होता, कोणत्या तपासण्या झाल्या आणि त्यांचे निकाल काय आले, काय उपचार किंवा ऑपरेशन केले, घरी कोणती औषधे किती दिवस घ्यायची, आणि परत कधी व कोणाला दाखवायचे. एवढे नसेल तर कागद अपुरा आहे.

औषधांच्या पुढची अक्षरे ओळखायला शिका. एक-शून्य-एक असे लिहिले असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. बीडी म्हणजे दोनदा. टीडीएस म्हणजे तीनदा. एचएस म्हणजे झोपताना. एसओएस म्हणजे त्रास झाला तरच, रोज नाही. दुखण्याची गोळी एसओएस लिहिलेली असताना महिनोन्महिने रोज घेणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. अशा गोळ्यांपैकी कित्येक मूत्रपिंडाला आणि जठराला इजा करतात.

खुर्चीवरून उठण्याआधी पाच प्रश्न विचारा. एक, घरी चालू असलेल्या जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या चालू ठेवायच्या आणि कोणत्या बंद करायच्या? त्यासाठी जुन्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालूनच दवाखान्यात जा. दोन, खायचे काय आणि टाळायचे काय? तीन, आंघोळ, चालणे, जिना चढणे, कामावर जाणे कधीपासून? चार, कोणती लक्षणे दिसली तर तारखेची वाट न पाहता लगेच यायचे? पाच, जखम, नळी, इन्सुलिन असे काही असेल तर घरी जी बाई ते करणार आहे तिला समोर उभी करून दाखवा. तिच्या हाताने एकदा करवून घ्या. मग औषधे कशी घ्यायची ते मराठीत एका कोऱ्या कागदावर लिहा आणि परिचारिकेला वाचून दाखवा. चूक असेल तर ती तिथेच सापडेल.

आत्याबाईंसारखा प्रसंग आला तर लक्षात ठेवा. साखरेच्या रुग्णाला अचानक घाम, थरथर, भूक, गोंधळ असे काही झाले आणि माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच साखरपाणी किंवा गुळाचे पाणी द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. ठसका लागून जीव जाऊ शकतो. तडक दवाखान्यात न्या.

बिल आणि सुटका

आता पैशांकडे येऊ. बिल भरले नाही म्हणून रुग्णाला अडकवून ठेवले, मयत ताब्यात दिले नाही, अशा तक्रारी आपल्या वस्त्यांत अधूनमधून ऐकू येतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येणार नाही, असे त्या सनदेत स्पष्ट म्हटले आहे. अशी अडवणूक बेकायदा असल्याचे मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटले आहे. बिल बुडवा असे आम्ही सांगत नाही. देणे असेल ते देणेच. पण ते वसूल करायचे कायदेशीर मार्ग आहेत आणि माणसाला ओलीस ठेवणे त्यात बसत नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम जानेवारी २०२१ मध्ये आले. त्यांतही रुग्णहक्कांची सनद आहे. भरती होताना भिंतीवर ती लावली आहे का ते पाहा. नसेल तर विचारा.

कागदपत्रांचेही तसेच. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात. मागणी लेखी करा, पोच घ्या.

महात्मा ज्योतिबा फुले जनआरोग्य योजनेत उपचार झाले असतील तर डिस्चार्ज झाला की योजना संपली असे समजू नका. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि औषधे पॅकेजमध्येच धरलेली असतात. घरी जायचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेही त्यात आहे. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारल्याशिवाय बाहेर पडू नका. योजनेत बसत नसाल तर दवाखाना धर्मादाय आहे का ते पाहा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भरतीच्या दिवशीच भेटा. डिस्चार्जच्या दिवशी भेटून बहुधा उशीर झालेला असतो.

आणखी एक शब्द दवाखान्यात ऐकू येतो, 'लामा'. कोणी म्हणाले "पेशंटने लामा घेतला" तर तिबेटी भिक्खू आठवून गोंधळू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेणे, या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून तो झाला आहे. काही ठिकाणी त्यालाच 'डामा' म्हणतात. आपली माणसे रुग्णाला असे नेतात तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असते, पैसे संपले. पण कागदावर छापलेले असते की नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहेत, आणि आपण अंगठा किंवा सही करून मोकळे होतो. सारे ओझे एका सहीने आपल्या डोक्यावर. अशी वेळ आलीच तर खरे कारण त्याच कागदावर मराठीत लिहा: "पैसे नसल्यामुळे नेत आहोत." उपचारांची समरी आणि सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी मागून घ्या. लामा घेतला तरी त्या कागदांवरचा तुमचा हक्क जात नाही.

अंगावरून जाते ते

डिस्चार्जचा दुसरा अर्थ आपल्या बायकांना ठाऊक आहे, पण त्या तो मोठ्याने बोलत नाहीत. अंगावरून पांढरे जाणे, म्हणजे व्हाइट डिस्चार्ज. आशाताईंच्या कानात सांगतात, नवऱ्याला सांगत नाहीत, डॉक्टर पुरुष असेल तर "कंबर दुखते" म्हणून परत येतात.

पहिली गोष्ट म्हणजे थोडा स्राव होणे हा आजार नाही. पाळीच्या चक्रात मधल्या दिवसांत तो पातळ आणि ताणला जाणारा होतो, गरोदरपणात वाढतो. त्याला घाण वास नसतो, खाज नसते. पांढरे गेल्याने हाडे झिजतात, शरीरातली ताकद वाहून जाते, हा समज खोटा आहे. पण दह्यासारखा घट्ट स्राव आणि खाज, माशासारखा वास, पिवळा-हिरवा फेसाळ स्राव, ओटीपोटात दुखणे किंवा ताप असेल तर तो संसर्ग आहे आणि त्यावर औषध आहे. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. तो टाळाटाळ करील, त्याला घ्यायला लावा. स्रावात रक्त दिसले, संबंधानंतर रक्त गेले किंवा पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा अंगावर गेले, तर एक दिवसही थांबू नका. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची ही खूण असू शकते. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत करून घेता येते. ती काही मिनिटांची असते.

या न बोललेल्या दुखण्याची किंमत बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी मोजली. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या पुष्कळ जणी तिशीच्या आत-बाहेरच्या. फडावर ना पाण्याची सोय, ना संडासाची. पाळीच्या दिवशी काम चुकले तर खाडा आणि त्याचा दंड. अंगावर पांढरे जाते, पोट दुखते म्हणून खासगी दवाखान्यात गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगितले गेले, अशा तक्रारी पुढे आल्या. औषधाने बरा होणारा स्राव आणि त्यावर उपाय शस्त्रक्रियेचा! पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तरुण बाईच्या शरीरातले संप्रेरक एकदम कमी होते आणि हाडे खरोखरच ठिसूळ होऊ लागतात. पांढरे गेल्याने हाडे झिजतील या भीतीने जी गेली, तिची हाडे ऑपरेशनने झिजली.

इथेही ओझे कोणी कोणावर उतरवले ते पाहा. फडावर सोयी करण्याचे ओझे कारखान्याचे आणि मुकादमाचे होते. ते बाईच्या पोटावर उतरवले गेले. याउलट बाबासाहेबांचा विचार पाहा. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले होते की आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. बाईचे दुखणे बाईने एकटीने वाहायचे नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले होते.

गटाराच्या तोंडाशी

डिस्चार्जचा तिसरा अर्थ सांडपाणी सोडणे. शहराचे, कारखान्याचे, मोठ्या सोसायटीचे पाणी बाहेर सुटते आणि ते तुंबले की त्यात उतरवला जातो तो बहुधा आपल्याच माणसांपैकी कोणी. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठी भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण भरपाई मिळते ती माणूस गेल्यावर.

तरुणांनो, एक लक्षात ठेवा. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइड वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण तो जास्त साठला की वास येणेच बंद होते. वास नाही म्हणजे धोका नाही, असे नसते. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा, आणि तिघेही जातात. कोणी पडले तर आत उतरू नका, अग्निशमन दलाला १०१ वर बोलवा. आणि दोन हजार रुपये देतो म्हणणाऱ्याला सांगा, तुमचे ओझे आमच्या फुप्फुसांवर उतरवू नका.

पार पाडणे हाही डिस्चार्ज

या शब्दाचा एक अर्थ आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. इंग्रजीत कर्तव्य पार पाडण्यालाही डिस्चार्ज करणे म्हणतात. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांची शपथ आहे. तिच्या इंग्रजी मसुद्यात कर्तव्य पार पाडण्यासाठी हेच क्रियापद आहे. आणि अनुच्छेद ४७ म्हणतो की लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याने आपल्या प्राथमिक कर्तव्यांपैकी मानावे. म्हणजे ओझे उतरवण्याचे दोन मार्ग झाले. एक, दुसऱ्याच्या डोक्यावर टाकून मोकळे व्हायचे. दुसरा, जिथे पोहोचवायचे तिथपर्यंत नेऊन मग खाली ठेवायचे. आमचे मत सरळ आहे. रुग्णाला डिस्चार्ज देण्याआधी दवाखान्याने आणि सरकारने आपले कर्तव्य डिस्चार्ज करावे. समरी मराठीत द्यावी, सांभाळणाऱ्या बाईला शिकवावे आणि घरी गेल्यावर चौकशीचा एक फोन करावा. यांतले काहीच फार खर्चाचे नाही.

पण दवाखान्याकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. विनयपिटकातल्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. पोट बिघडून तो आपल्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला सांगितले की तुमची शुश्रूषा करायला इथे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची केली पाहिजे. बाबासाहेबांनी ही कथा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आवर्जून घेतली. महावग्गात पुढे चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, सेवा लोभाने नव्हे तर मैत्रीने करावी, मल-मूत्र-ओकारी काढताना किळस येऊ नये, आणि रुग्णाला धीर देता यावा. चांगल्या रुग्णाचेही गुण आहेत. त्यांत औषध घेणे आहे आणि आपले दुखणे जसे आहे तसे सांगणे आहे. पांढरे जाते हे लपवणाऱ्या आमच्या बहिणींनी हा गुण मनावर घ्यावा. आणि किळस न येण्याचा गुण फक्त सुनांच्या वाट्याला येऊ नये, घरातल्या पुरुषांनीही तो अंगी आणावा.

म्हणून आम्ही एक काम सुरू केले आहे आणि इतर विहारांनीही ते करावे अशी विनंती आहे. वस्तीतले कोणी दवाखान्यातून सुटणार असेल तर विहारातली शिकलेली दोन मुले, त्यात एक मुलगी असलीच पाहिजे, त्या दिवशी सोबत जातात. ती डॉक्टर होत नाहीत, स्वतःच्या मनाने औषध सांगत नाहीत. पाच प्रश्न विचारतात, उत्तरे मराठीत लिहून घेतात, आणि तो कागद घरात गोळ्यांच्या डब्यावर चिकटवतात. पुढच्या रविवारी वंदनेनंतर घरी एक फेरी मारतात. सफरचंदे नेली तरी चालतील, पण आधी कागद पाहायचा. या कामाला देणगी लागत नाही, पावती पुस्तक लागत नाही. एक पेन आणि दोन तास लागतात.

पाली साहित्यात अर्हताला 'ओहितभार' म्हटले आहे, म्हणजे ज्याने भार खाली ठेवला तो. त्याने तो भार दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेला नसतो. आपण अर्हत नाही, संसारी माणसे आहोत. पण एकाच्या डोक्यावरचे ओझे चौघांनी मिळून उचलले तर ते हलके होते, एवढे आपल्याला कळते. आत्याबाई आता स्वतःच विचारतात, "माझा कागद वाचला का रे?" तुमच्याही घरात कपाटावर एक्स-रेचे पाकीट असेल. हा अंक खाली ठेवा आणि आजच ते उघडा.

नमो बुद्धाय. जयभीम.